‘स्प्रिंग अवेकनिंग’: सगळे एका सुरात गातात, तर मग ती मुले एकटी कशी?

विंगेतून

नमस्कार. गेले काही आठवडे मी ‘स्प्रिंग अवेकनिंग’ या म्युझिकलची संहिता वाचत आहे आणि ब्रॉडवेच्या मूळ नटसंचाचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत आहे. त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे, तो येथे मांडतो.

ज्यांना हे नाटक परिचित नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. फ्रांक वेडेकिंड यांचे मूळ जर्मन नाटक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बालकांची शोकांतिका’ असे त्याचे उपशीर्षक होते आणि ते रंगमंचावर यायला १९०६ साल उजाडावे लागले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, स्टीव्हन सेटर यांचे शब्द आणि डंकन शीक यांचे रॉक संगीत घेऊन तीच कथा न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन गावातील शाळकरी मुलेमुली वयात येत आहेत आणि त्यांच्या शरीरात व मनात काय घडते आहे हे सांगायला एकही वडीलधारे माणूस तयार नाही. मूल कसे होते असे वेंडला आईला विचारते, तेव्हा आई संकोचाने आणि भीतीने अर्धेमुर्धे उत्तर देऊन सुटका करून घेते. मोरित्झला परीक्षेच्या आणि स्वप्नांच्या धास्तीने झोप लागत नाही. मेल्किओर पुष्कळ वाचतो, आणि म्हणून आपल्याला सगळे कळते असा त्याचा समज आहे. या तिघांपैकी दोघे शेवटपर्यंत जगत नाहीत.

या मुलांचे दुःख तुटलेपणाचे आहे, असे या नाटकाविषयी नेहमी म्हटले जाते, आणि संवाद वाचताना मलाही ते पटते. परंतु गाणे सुरू झाले की वर्गातली सगळी मुले एकाच तालावर पाय आपटतात, एकच ओळ एकाच श्वासात म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की ही तर एकमेकांना घट्ट धरून असलेली टोळी आहे. एकत्र गाण्याइतके माणसांना जोडणारे दुसरे काय असते? मग ज्या क्षणी समूहगान सुरू होते, त्या क्षणी तुटलेपण संपत नाही का? की म्युझिकल हा प्रकारच अशा विषयाला अपुरा पडतो? केवळ संवाद वाचले तर मोरित्झची घुसमट मला अधिक जाणवते. गाण्यांमध्ये ती जणू मोकळी होऊन जाते. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

तिसरी घंटा

प्रश्न फार मोलाचा आहे. तो केवळ ध्वनिमुद्रण ऐकून निर्माण होणे स्वाभाविक आहे, असेही मला वाटते, कारण त्याचे निम्मे उत्तर कानांना नव्हे, डोळ्यांना मिळते.

दिग्दर्शक मायकेल मायर यांच्या मूळ प्रयोगात मुले एकोणिसाव्या शतकातील गणवेशात असत. लॅटिनचा तास चालू असे, छडी उगारलेली असे, आणि मग गाण्याचा क्षण आला की मुलगा कोटाच्या आतल्या बाजूने हाती धरायचा मायक्रोफोन बाहेर काढून गाऊ लागे. गाणे संपले की मायक्रोफोन पुन्हा कोटात जाई आणि तास जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होई. या एका कृतीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पुष्कळशा म्युझिकलमध्ये पात्रे एकमेकांना उद्देशून गातात आणि गाण्यामुळे कथा पुढे सरकते: प्रेम कबूल होते, भांडण मिटते, निर्णय घेतला जातो. येथे गाण्यामुळे बहुतेक वेळा काहीच घडत नाही. ही गाणी म्हणजे स्वगते आहेत. शिक्षकांना ती ऐकू येत नाहीत आणि शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही येत नाहीत. सहा मुले एकत्र गातात तेव्हा तो संवाद नसतो. सहा निरनिराळ्या डोक्यांत एकाच वेळी चाललेली तीच ओळ असते.

त्यामुळे आपण ज्याला टोळी म्हणता ती फक्त प्रेक्षकाला दिसते. प्रत्येकाला वाटते आहे की हा विचार, हे स्वप्न, ही लाज जगात आपल्या एकट्याचीच आहे, आणि आपण प्रेक्षागृहात बसून पाहतो की ती सगळ्यांची आहे. समूहगानाने तुटलेपण संपत नाही, उलट ते किती अनावश्यक होते हे कळते, आणि म्हणूनच ते अधिक सलते. केवळ संवाद वाचले तर आपल्याला एकटा मोरित्झ दिसतो. गाणी ऐकली की कळते, त्याने कुणालाही हाक मारली असती तरी चालले असते.

याचे सर्वांत कठोर उदाहरण मार्था आणि इल्झे यांच्या गाण्यात आहे. मार्थाला घरी वडिलांकडून मारहाण होते, एवढे तिच्या मैत्रिणींना कळते; परंतु त्याहून भयंकर जे आहे ते ती कुणालाही सांगू शकत नाही. ते फक्त गाण्यात येते. त्या गाण्यात दुसरा आवाज मिसळतो तो इल्झेचा, जिच्या घरीही तेच घडले होते आणि जी आता घराबाहेर, चित्रकारांच्या वस्तीत राहते. दोन्ही आवाज एकत्र येतात आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण कथेत या दोघी समोरासमोर बसून याविषयी एक शब्दही बोलत नाहीत. सुरांत त्या एकत्र आहेत, आयुष्यात नाहीत. हे ध्वनिमुद्रणावर केवळ द्वंद्वगीत म्हणून ऐकले तर बहिणींसारख्या दोन मैत्रिणींचे गाणे वाटेल, इतके ते फसवे आहे.

एक गोष्ट जाता जाता. त्या प्रयोगात काही प्रेक्षकांना रंगमंचावरच, दोन्ही बाजूंना बसवले जाई आणि त्यांच्यामध्ये आजच्या काळातील साध्या कपड्यांत काही गायक बसलेले असत. गाण्याच्या मध्येच शेजारचा ‘प्रेक्षक’ उठून गाऊ लागला म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना करून पाहा.

शांतरंग

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. परंतु ‘तुटलेपण’ हा एकच शब्द आपण फार सैल वापरत आहोत असे मला वाटते. मराठी समीक्षेत ‘परात्मभाव’ हा शब्द आहे, आणि तो एकाकीपणाहून वेगळा आहे. एकाकी माणसाला दुसरे माणूस हवे असते आणि ते मिळत नाही. परात्म झालेल्या माणसाला स्वतःचे शरीर, स्वतःची भाषा, स्वतःचे घरसुद्धा परके वाटू लागते. या मुलांना मित्रमैत्रिणी आहेत. मोरित्झला मेल्किओरसारखा जिवाला जीव देणारा मित्र आहे, तरीही तो वाचत नाही. तेव्हा प्रश्न सोबतीचा नसून शब्दांचा आहे. जे होते आहे त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही ते सांगायचे तरी कसे? बिल टी. जोन्स यांच्या नृत्यरचनेत मुलांचे हात स्वतःच्याच अंगावरून असे फिरतात, जणू ते अंग कुणा अनोळखी माणसाचे आहे. परात्मभावाचे इतके नेमके दृश्यरूप मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

मोठ्यांच्या बाजूचाही विचार व्हावा. या म्युझिकलमध्ये सर्व प्रौढ स्त्रिया एकच अभिनेत्री करते आणि सर्व प्रौढ पुरुष एकच अभिनेता करतो. आई, शिक्षिका, बाप, मुख्याध्यापक, पाद्री, डॉक्टर हे सगळे चेहरे शेवटी दोनच. मुलांच्या नजरेतून पाहिले तर हे अगदी खरे आहे. घरातून शाळेत आणि शाळेतून चर्चमध्ये गेले तरी समोर तेच माणूस उभे. मुख्य म्हणजे प्रौढांना गाणी दिलेली नाहीत. त्यांच्या मनात काय चालते ते आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून मुलांइतकेच आपणही त्यांच्यापासून तुटलेले राहतो.

मात्र सगळे प्रौढ दुष्ट आहेत असा या कलाकृतीचा दावा नाही, आणि मला सर्वांत अस्वस्थ करतो तो प्रसंग क्रौर्याचा नसून सभ्यपणाचा आहे. परीक्षेत नापास झाल्यावर मोरित्झ मेल्किओरच्या आईला, फ्राउ गाबोर यांना, पत्र लिहितो आणि अमेरिकेला पळून जाण्यासाठी पैसे मागतो. गावातील सर्वांत उदार, सर्वांत वाचलेली बाई म्हणजे हीच. तिचे उत्तर मायेचे आहे, सुसंस्कृत आहे, पैसे देणे का योग्य नाही हे ते नीट समजावून सांगते आणि धीर सोडू नकोस असा सल्लाही देते. त्या पत्रात एकही चुकीचे वाक्य नाही. मुलगा मरणाच्या दारात उभा राहून लिहितो आहे, एवढेच तिला कळलेले नाही. छडी मारणाऱ्या मास्तरापेक्षा हे पत्र मला अधिक भीतीदायक वाटते, कारण त्या जागी आपल्यापैकी कुणीही असू शकतो.

तुलनेसाठी ‘हेअर’ आठवून पाहा. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या त्या म्युझिकलमधील तरुणही समाजापासून तुटलेले आहेत, पण तेथे ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सरळ विभागणी आहे. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध, वडिलधाऱ्यांविरुद्ध उभी राहिलेली एक जमात आहे. तिथले समूहगान खरोखरच समूहाचे आहे, आणि म्हणून क्लॉड जेव्हा त्या समूहातून निसटून सैन्यात जातो तेव्हा पोकळी जाणवते. ‘स्प्रिंग अवेकनिंग’मध्ये ‘आपण’ हा शब्द उच्चारण्याइतकीही मुलांना एकमेकांची खबर नाही.

हस्तमुद्रा

मी या चर्चेत थोडी वेगळ्या वाटेने येत आहे. माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही, त्यामुळे आमच्या घरात गाणे या गोष्टीचा विचार नेहमीच निराळ्या रीतीने झाला आहे. आपणां सर्वांना लॉस एंजेलिसच्या ‘डेफ वेस्ट थिएटर’ने केलेल्या प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. मायकेल आर्डन यांनी दिग्दर्शित केलेला हा प्रयोग २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आला. त्यात काही पात्रांच्या भूमिका बधिर कलाकारांनी खुणांच्या भाषेत केल्या, आणि त्यांच्या मागे किंवा शेजारी उभे राहून दुसऱ्या कलाकारांनी त्यांचा आवाज गायला.

श्री. विंगेतून यांच्या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगाने जवळजवळ हाताने लिहून दिले आहे. सुरुवातीलाच वेंडला आरशासमोर उभी असते आणि आरशाच्या पलीकडे तिचा आवाज, म्हणजे गाणारी दुसरी मुलगी असते. माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूला. श्री. शांतरंग ज्याला परात्मभाव म्हणतात तो याहून स्पष्ट कसा दाखवणार? आणि तरीही त्या दोघींमध्ये अशी जवळीक आहे की माझा भाऊ म्हणाला, या मुलीला निदान सोबत तरी आहे. मला आजवर ते तसे दिसले नव्हते.

हा प्रयोग म्हणजे केवळ एक चमकदार कल्पना नव्हती. तिला इतिहासाचा आधार होता. १८८० मध्ये मिलान येथे बधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे जमलेल्या प्रतिनिधींत बहुसंख्य ऐकू येणारे होते, आणि त्यांनी ठराव केला की बधिर मुलांना खुणांच्या भाषेऐवजी तोंडी भाषेतूनच शिकवावे. त्यानंतर युरोपातील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार होत गेली आणि मुलांना ओठांच्या हालचाली वाचायला व न ऐकलेले उच्चार काढायला भाग पाडले गेले. वेडेकिंड यांचे नाटक त्यानंतर अवघ्या ११ वर्षांनी आले. म्हणजे कथेचा काळ आणि या सक्तीचा काळ एकच आहे. बधिर मोरित्झ लॅटिनच्या तासाला उभा राहून पाठ म्हणू लागतो तेव्हा त्याचे अपयश आळसाचे राहत नाही. ज्या भाषेत तो विचार करतो तीच त्या वर्गात निषिद्ध आहे. त्या ठरावाबद्दल पुढच्या एका परिषदेने अधिकृत खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हर येथे. एकशे तीस वर्षे लागली.

माझ्या भावाला शाळेत असताना वर्गात हात खाली ठेवायला सांगत असत. तो प्रसंग पाहताना तो बराच वेळ काही बोलला नाही, म्हणजे त्याचे हात हलले नाहीत.

काठावर

एवढ्या चांगल्या प्रतिसादांनंतर विरोधी सूर लावणे अवघड आहे, तरी लावतो, कारण मूळ प्रश्नातील एक शंका अनुत्तरित राहिली आहे. गाणी घुसमट ‘मोकळी’ करतात, असे श्री. विंगेतून म्हणाले होते. तांत्रिक दृष्ट्या ती गाणी स्वगते असतील; पण प्रेक्षागृहातल्या सोळा वर्षांच्या मुलाला जे मिळते ते सुंदर चालीचे, जोरदार ठेक्याचे, टाळ्या घेणारे दुःख असते. मोरित्झ मंचावरचा सर्वांत आकर्षक मुलगा ठरतो. दुःखाला इतके देखणे करणे जबाबदारीचे आहे का, हे मला खरोखर ठरवता आलेले नाही.

‘डिअर इव्हान हॅन्सन’ हे २०१६ मध्ये ब्रॉडवेवर आलेले म्युझिकल या बाबतीत मला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे कलाकार केवळ आठ आहेत, नाचणारा-गाणारा समूहच नाही. सभोवती समाजमाध्यमांचे पडदे झळकत असतात आणि लोक असतात ते त्या पडद्यांवर. इव्हानने स्वतःलाच लिहिलेले पत्र एका मृत वर्गमित्राचे समजले जाते, आणि त्या गैरसमजाच्या आधाराने त्याला आयुष्यात पहिल्यांदा माणसे जवळ करतात. तुटलेपण इतके खोल आहे की खोट्याशिवाय कुणी जवळ येत नाही, ही त्या नाटकाची कडू बाजू आहे. पुढे इव्हानला सगळे फार सहजपणे माफ होते असा आक्षेप घेतला गेला आणि तो मला मान्य आहे. तरीही समूहगानाचा आधार काढून घेऊन केलेले ते एकटेपणाचे चित्र मला खरे वाटते.

तिसरी घंटा

श्री. काठावर यांची काळजी रास्त आहे, तिला बगल देणार नाही. परंतु मोरित्झच्या अखेरच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. तो एकटा असताना इल्झे भेटते. ती त्याला घरी चल म्हणते, लहानपणीच्या आठवणी काढते. येथे दोन गाणी आहेत, एक त्याचे आणि एक तिचे, आणि ती एकमेकांत गुंफलेली आहेत. त्याचे गाणे तुटक, धडका देणारे. तिचे संथ, वाऱ्यासारखे. दोन्ही एकाच वेळी चालू असताना संगीत म्हणून ती सुंदर जुळतात, आणि माणसे म्हणून ती दोघे एकमेकांना पूर्णपणे चुकवतात. अभ्यास राहिला आहे असे सांगून तो तिला जाऊ देतो. फक्त ‘हो’ म्हणायला हवे होते, हे त्याला ती गेल्यावर उमगते.

येथे सौंदर्य दुःखाला सजवत नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला ती दोन गाणी एक झालेली कळतात आणि त्या दोघांना कळत नाहीत. मदत किती जवळ होती हे याहून वेगळ्या रीतीने दाखवता आले असते असे मला वाटत नाही. ‘डिअर इव्हान हॅन्सन’मध्ये आजूबाजूला कुणी नाही म्हणून इव्हान एकटा आहे. मोरित्झ एकटा आहे तो इल्झे दोन पावलांवर उभी असताना. तरीही आपले म्हणणे मी एवढे मान्य करतो की, हे नाटक तरुण मुलांना दाखवताना नंतर बसून बोलण्याची सोय हवी. नाहीतर नाटकातल्या मोठ्यांनी जे केले तेच आपण करू.

विंगेतून

सर्वांचे मनापासून आभार. मायक्रोफोन कोटात परत जातो, ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि तिने माझे ऐकणेच बदलून टाकले. काल रात्री मार्था आणि इल्झेचे गाणे पुन्हा लावले, तेव्हा त्या एकमेकींना ऐकत नाहीत हे डोक्यात ठेवून ऐकणे फार जड गेले.

एक गोष्ट मात्र संहिता चाळताना नव्याने दिसली, ती नोंदवतो. वेडेकिंड यांच्या नाटकात अखेरीस स्मशानात एक मुखवटाधारी पुरुष येतो आणि मेल्किओरला मृत्यूपासून दूर नेतो. म्युझिकलमध्ये त्या अनोळखी पुरुषाला वगळले आहे. त्याऐवजी मोरित्झ आणि वेंडला थडग्यांमधून उठून येतात आणि मेल्किओरसाठी गातात. आपण सांगितलेल्या कसोटीवर सगळी गाणी पडताळून पाहिली, तर एकाने दुसऱ्याला उद्देशून गावे, ते दुसऱ्याला ऐकू यावे आणि त्यामुळे त्याचा निर्णय बदलावा, असे मला जवळजवळ हे एकच गाणे सापडले. ज्यांचा आवाज अखेर पोहोचला ते दोघेही तोपर्यंत जिवंत नाहीत.

श्री. हस्तमुद्रा, आपल्या भावाला त्या स्मशानातील प्रसंगाविषयी काय वाटले, हे त्यांची हरकत नसेल तर जरूर लिहावे.